एक्केचाळिसावी शंका

१

"एक माप तेलात दिवा एक दिवस जळतो, असं लिहिलंय. पण कुणाचा दिवस? त्यांचा की आपला?"

हे मी विचारलं तेव्हा मार्विन हसला. डॉट कॉफीत साखर ढवळत राहिली. माझ्या बहिणीने, आइलीने, पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर एकदा आपटलं, टक्, आणि समोरच्या कागदावर लिहिलं: शंका ४१. 

आइलीचं पोट अशाच प्रश्नांवर चालायचं. तिचं आणि माझंही. टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ असतात, त्यांत एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, आणि जमेल की फसेल अशी वेळ आली की फासे टाकतात. त्यांची नियमपुस्तकं विटेएवढी जाड. दोरी किती वजन पेलते, उपाशी माणूस कितव्या दिवशी कोसळतो, सगळं त्यात. छापण्याआधी त्या पुस्तकांची प्रूफं टपालाने आमच्याकडे यायची आणि त्यांतल्या चुका, अर्धवट राहिलेले नियम आइली शोधून काढायची. शोधायला माझा उपयोग करायची.

मी नववीत शाळा सोडली. हिवाळ्यात लोकांच्या छपरांवरचा बर्फ उपसतो, उन्हाळ्यात मिळेल ते करतो. वाचतो ते बोट ठेवून, मोठ्याने. ती मला समोर बसवून पान वाचायला लावायची, आणि मी अडखळलो की टक्.

"हुशार माणसाला चूक दिसत नाही, रेयो," ती म्हणायची. "तो मनातल्या मनात ती दुरुस्त करून पुढे जातो. तू जात नाहीस. तू धडकतोस."

"म्हणजे मी ढ."

"म्हणजे तू माझं सोनं. वाच पुढे."

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ती बावीसची. बाप त्याआधीच तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर काम शोधायला गेला तो गेलाच. तिने मला वाढवलं. तिच्यात एकच खोड होती, ती दार लावायची नाही. बाहेर छातीएवढा बर्फ, आणि आइली स्वयंपाकघरातून खोलीत गेली की मागे सगळी दारं सताड. शेगडीची ऊब पळून जायची. मी ओरडत ओरडत एकेक दार लावत फिरायचो. बारा वर्षं हे चाललं.

२

शेवटचं पुस्तक खाणीबद्दल होतं. दर रविवारी दुपारी आम्ही ते आमच्या स्वयंपाकघरात खेळून बघायचो. मार्विन गोष्ट चालवायचा. तो शाळेची बस चालवतो, मी शाळेत होतो तेव्हा मलाही तोच न्यायचा. डॉट किराणा दुकानात गल्ल्यावर बसते. ती आणि आम्ही दोघं खेळायचो. फासे एकच जोड. आपला डाव संपला की ते डावीकडच्यापुढे ठेवायचे.

आइलीच्या पात्राचं नाव हिल्का. हातात दिवा घेऊन सगळ्यांच्या पुढे जाणारी बाई. नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी हिल्का पान एकशे बारावरच्या कोठारात एकटीच उतरली आणि मागे छत कोसळलं.

"झालं," मार्विन म्हणाला. "आलीस ते दार दगडांनी बंद. उजवीकडच्या दारामागे पाणी. समोरचं विटांनी बुजवलेलं. आणि तू एकटी. काय करतेस?"

"तिला आत पाठवायला कुणी सांगितलं होतं?" डॉट म्हणाली. "माझ्या पात्राला, त्या म्हाताऱ्याला पाठवलं असतं तर निदान सुटलो असतो त्याच्यापासून."

आइली हसली नाही. ती नकाशा बघत होती.

"थांबा. मजकुरात तीन दारं आहेत. नकाशात चार." टक्. शंका ५८.

"चौथं कुठे जातं?" मी विचारलं.

"लिहिलेलं नाही."

तेवढ्यात रस्त्यावर बर्फ ढकलणारी गाडी घरघरत आली आणि मार्विन उठला. ती गेल्याबरोबर निघालं नाही तर मागे पुन्हा बर्फ साचतो. डाव आइलीचाच होता. तिने हिल्काच्या कागदावर त्या दिवसाच्या तेलाची खूण केली, तीस चौकोनांतली पाचवी, आणि फासे आपल्यापुढेच राहू दिले.

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली.

मंगळवारी शंकांचं पाकीट टाकायला ती डाकघरात गेली. पाकीट पेटीत पडलं. परत येताना ती पायऱ्यांवर घसरली. बुधवारी सकाळी इस्पितळातल्या बाईने मला तिची टोपी एका पिशवीत घालून दिली.

३

पुरल्यानंतरच्या रविवारी मार्विन आणि डॉट आले. डॉटने वेलदोड्याचा गोड पाव आणला होता. तो तिने कापला, कुणी खाल्ला नाही. फासे अजून आइलीच्या खुर्चीपुढेच होते.

"रेयो," मार्विन म्हणाला, "ऐक माझं. कुणी आलं नाही तर त्याचं पात्र शेजारच्याने खेळायचं, ही रीतच आहे. मी दगड बाजूला करतो, तू हिल्काला वर आण. ती घरी जाऊ दे. मग पुस्तक मिटू."

"नाही."

"पोरा, डाव अर्धा ठेवून पुस्तक मिटायचं नसतं. मी बावीस वर्षं खेळतोय, कधीच—"

"तिच्या कागदाला कुणी हात लावायचा नाही!"

मी इतक्या जोरात ओरडलो की डॉटच्या हातातली सुरी खाली पडली. मी हिल्काचा कागद उचलला, फासे उचलले, आणि त्यांना निघा म्हणालो. दुसऱ्या कुणी आइलीच्या जागी बोलावं हे मला सहन होणार नव्हतं. मी स्वतःसुद्धा नाही.

डॉटने जाताना माझ्या गालाला हात लावला. मार्विन दारातच घुटमळला.

"डाव तिचाच आहे मग," तो म्हणाला. "तुझ्या मर्जीने."

कागद मी तिच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

४

गुरुवारी मी तिचं स्वेटर आणायला खोलीत गेलो. छपरावर वारा फार होता आणि माझं स्वेटर ओलं होतं. खोलीचं दार उघडं होतं. मी लावलं नसेल, असं म्हणालो.

कागदावर तेलाचे चौकोन भरले होते. मी बोट ठेवून मोजले. तेवीस.

आइली डावखुरी होती. तिची खूण उजवीकडून डावीकडे तिरकी यायची आणि टोकाला आकड्यासारखी वळायची. सगळ्या खुणा तशाच होत्या. मी स्वतःला समजावलं, घसरायच्या आदल्या दिवशी, सोमवारी, तिनेच बसून केल्या असतील. काहीतरी हिशेब करून बघत असेल. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजले. त्या रविवारपासून गुरुवारपर्यंत अठरा. पाच आणि अठरा तेवीस.

घरातल्या सगळ्या पेन्सिली गोळा करून मी शेगडीत घातल्या. कागद कॉफीच्या डब्यात कोंबला, वर पीठ चाळायची चाळणी उपडी ठेवली. शुक्रवारी सकाळी डबा उघडला. चोवीस.

मी तसाच, मोजे न घालता बूट चढवून रस्त्यावर धावलो. मार्विनची बस वळणावर उभी होती, पोरं चढत होती. मी पायरीवरच त्याला धरलं.

"तू करतोयस का हे?"

"काय करतोय?"

"घरात येऊन. तिच्या कागदावर."

मागून एक पोरगी ओरडली, "मार्विन, हा पण शाळेत येतोय का?" सगळी हसली. मार्विनने आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि ती गप्प झाली.

"माझ्याकडे तुझ्या घराची किल्ली नाही," तो हळू म्हणाला. "जेवलायस का काल?"

"तिचा दिवा जळतोय, मार्विन. आपण खेळत नाही तरी जळतोय."

बसचे वायपर बर्फ पुसत होते. "संध्याकाळी घरी ये," तो म्हणाला. "मटणाच्या करंज्या आहेत." मी गेलो नाही.

५

आमच्या बोळात, तिच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये, टॉवेल-चादरींचं कपाट आहे. माणूस मावणार नाही एवढं अरुंद. आत भिंतीला ठोकलेले चार फळ्यांचे कप्पे.

शनिवारी साडेचारला दिवस मावळत होता. मी दिवा लावला नव्हता. जिच्यासाठी वीज खर्च करावी असं आता घरात कुणी नव्हतं. मी बोळात आलो तर कपाटाच्या दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. पिवळा, हलणारा.

मी दार ओढलं. आत अंधार. टॉवेल, चादरी, आईचा जुना टेबलक्लॉथ. पण वास रॉकेलचा होता. आमच्या घरात रॉकेल कधीच नव्हतं.

मी हातोडा आणला आणि चारही फळ्या उखडल्या. मागे चुन्याची भिंत. त्या भिंतीपलीकडे काय आहे ते मला पक्कं माहीत आहे, कारण मी ती बाजू दरवर्षी रंगवतो. काही नाही. घरामागे उतार आहे, दोन मजले खोल हवा आणि खाली बर्फ.

दार लावलं. उजेड परत आला, आधीपेक्षा थोडा बारीक.

मी भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. घाबरलो होतो, हे खरं. पण उठून जाववत नव्हतं. अठरा-वीस दिवसांत पहिल्यांदाच मला घरात एकटं वाटत नव्हतं, आणि तेवढ्यासाठी मी आणखी भीती सोसली असती. फक्त एक गोष्ट डोक्यातून जाईना. मी इथे होतो, उजेडाच्या या बाजूला. पलीकडे जे कुणी होतं ते एकटंच होतं. तिला तिथे ठेवलं होतं मी.

६

सोमवारी फोन वाजला. प्रकाशनातले हौगेन होते. आइलीचं काम तेच बघायचे.

"तुमच्या बहिणीचं पाकीट मिळालं," ते म्हणाले. "मग कळलं. मला काय बोलावं ते... फार वाईट झालं."

"हो."

"गुरुवारी संध्याकाळी पाचला पुस्तक छापायला जातंय. तिच्या शंकांची उत्तरं लेखकाने दिलीत. तुम्ही एकदा वाचून घ्याल का शेवटची पानं? ती म्हणायची, माझ्याकडे एक माणूस आहे, त्याच्या हातून चूक सुटत नाही."

मी भिंतीवर नखाने रेघ ओढत राहिलो.

"ऐकताय ना?"

"एक्केचाळीसचं उत्तर काय आलं?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "एक्केचाळीस... दिव्याचं. नाही, ती कोरीच आहे. लेखक म्हणतो, असं कुणी विचारणारच नाही."

"मी विचारलं होतं."

"तसं नाही हो, तुम्ही मनावर..."

"आणि अठ्ठावन्न?"

"ते सोपं होतं. मजकूर बरोबर, नकाशा चूक. चित्रकाराचा हात जरा सैल सुटला. चौथं दार आम्ही पुसून टाकतोय."

"पुसा," मी म्हणालो, आणि फोन ठेवला. मला तेव्हा फक्त फोन ठेवायचा होता.

रात्री अंथरुणात पडल्यावर कळलं मी काय म्हणालो होतो ते. एक दार दगडांनी बंद. एकामागे पाणी. एक विटांनी बुजवलेलं.

७

गुरुवारी कागदावर तिसावी खूण होती. शेवटची.

दुपारपासून मी प्रूफ मांडीवर घेऊन कपाटासमोर बसलो होतो. उजेड साडेचारला आला. इतका बारीक, की दोरा ठेवावा तसा. त्यात दोन ठिकाणी काळं होतं. कुणी दाराला अगदी लागून उभं राहिलं की पावलं दिसतात तसं. पावलं माझ्या बाजूला वळलेली होती.

मी हाक मारली नाही. हाक मारली आणि दुसराच आवाज आला तर, असं वाटलं. मला एकच काम येत होतं. मी पान एकशे बारा काढलं, बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागलो.

"कोठार जुनं आहे. भिंतींवर ओल आहे. जमिनीवर फुटलेल्या पेट्या पडल्या आहेत."

काही नाही. त्या वाक्यांत चूक नव्हती.

"कोठाराला तीन दारं आहेत."

टक्.

आतून. लाकडावर पेन्सिलीचं मागचं टोक. मी त्या आवाजाबरोबर बारा वर्षं बसलोय. उंदीर नव्हता. फळी तडकली नव्हती. तरी मी तसं म्हणून बघितलं, आणि परत वाचलं. "कोठाराला तीन—"

टक्.

"कोठाराला..." मी ओळीवरचं बोट उचललं. "कोठाराला चार दारं आहेत."

कपाट गप्प राहिलं.

उठताना माझा पाय झोपला होता, मी भिंतीवर आपटलो. फोन लावला. पाचला सात मिनिटं कमी होती.

"हौगेन, ते दार पुसू नका. मजकूर चुकलाय. तीन नाही, चार लिहा."

"आता? अहो, मुलं बाहेर कोट घालून उभी आहेत माझी. लेखक म्हणाला तीन."

"लेखक तिथे नाहीये! नकाशा बरोबर आहे. चार."

"बरं, पण मग चौथं दार कुठे जातं ते लिहायला लागेल ना? नाहीतर वर्षभर पत्रं येत राहतील मला."

"माहीत नाही कुठे जातं."

"मग ही चूकच राहिली की. आइली असती तर तिने हे जाऊ दिलं असतं का?"

"हौगेन, तुम्हीच म्हणालात माझ्या हातून चूक सुटत नाही. मग ही मी सोडतोय. लिहा. हात जोडतो, लिहा."

तिकडे कुणाशी तरी बोलणं झालं. पेन खरवडल्याचा आवाज आला.

"लिहिलं. चार. बस?"

मी स्वयंपाकघरात गेलो. आइलीच्या खुर्चीत बसलो. ती गेल्यापासून त्या खुर्चीत कुणीच बसलं नव्हतं. तिथून सगळी उघडी दारं सरळ रेषेत दिसतात, आणि शेवटी बोळातलं कपाट. हिल्काचा कागद समोर ठेवला, फासे ठेवले. खिडकीबाहेर निळं होत चाललं होतं. मार्विनचा प्रश्न अजून तसाच होता. काय करतेस?

तिच्या जागी बोलणार नाही म्हणालो होतो. पण तिचं बोलायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

"ती चौथ्या दाराने जाते," मी म्हणालो.

फासे टाकले. किती पडले ते सांगत नाही. पुरेसे पडले.

फटीतली पावलं वळली. उजेड आधी सरकला, मग लांब जायला लागला. कपाट हातभर खोल आहे. उजेड त्याच्यापेक्षा कितीतरी लांब गेला, बर्फाळ तळ्यावर कुणी कंदील घेऊन चालत जावं तेवढा. मी उभा राहिलो. शेवटी तो ठिपका झाला आणि थांबला, मागे वळून बघताना माणूस थांबतो तसा.

मग दार बंद झाल्याचा आवाज आला. हळू, नीट, आधी खिटी दाबून धरून मग सोडावी तसा.

आइलीने आयुष्यात कधी दार लावलं नव्हतं.

मी खूप वेळ ऐकत राहिलो. बर्फ ढकलणारी गाडी येऊन गेली. दुसरं काही ऐकू आलं नाही. तिकडे कोण होतं, आणि त्याने दार तिच्यासाठी लावलं की तिला कोंडायला, हे पुस्तकात नाही. तो प्रश्न मी कागदावर लिहून ठेवलेला नाही.

मी तिचे फासे उचलले आणि डावीकडे, डॉटच्या खुर्चीपुढे ठेवले.